सिरोंच्यातलं पाच खोल्यांचं हॉटेल

यंदा आम्ही दीवला जाणार होतो. समुद्र, बेटावरचं जुनं गाव, किल्ल्याजवळ एखादं लहानसं नीटनेटकं हॉटेल, असं माझ्या बायकोनं, वंदनानं, मनात पक्कं केलं होतं. तेवढ्यात रश्मीच्या नोकरीचा आदेश आला. आमची ही एकुलती एक मुलगी जनावरांची डॉक्टर आहे. पहिलीच नेमणूक, तीही पार तेलंगणाच्या सीमेवर, सिरोंच्याला.

बल्लारपुरात ज्यांना पेढे दिले त्यांनी पेढा तोंडात असतानाच विचारलं, "बदलून नाई का भेटत जी?" खरं सांगायचं तर माझंही तेच म्हणणं होतं. रश्मी हो म्हणेना, नाही म्हणेना. शेवटी वंदनाच म्हणाली, "पाह्यल्याबिगर काऊन ठरवता? दोन दिवस जाऊन राहू. हॉटेलात राहायचं होतं न मले, तिथीच राहू."

अशी सप्टेंबरच्या शेवटी आमची गाडी दीवऐवजी दक्षिणेला निघाली.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगतो. बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली आणि मग सरळ सिरोंचा. आष्टीपर्यंत काही त्रास नाही. तिथे वैनगंगेचा पूल ओलांडला की चहा घ्यावा. आमच्या काचेवरचं निळं स्टिकर पाहून टपरीवाल्यानं "जय भीम भाऊ, कुठी निघाले?" म्हणून विचारलं. सिरोंचा म्हटल्यावर तो गाडीच्या चाकांकडे पाहत म्हणाला, "आलापल्लीत हवा चेक करून घ्या." हवा तपासलीच, शिवाय पेट्रोल भरलं आणि जेवूनही घेतलं. तुम्हीही तेच करा, कारण पुढे सागाचं जंगल आहे, खड्डे आहेत आणि मोबाईलला बराच वेळ रेंज नाही. खड्डे मात्र असे, की त्यांच्या नादात जंगल बघायचं राहून जातं. मी वैतागलो तेव्हा रश्मीनं स्टिअरिंग घेतलं आणि मग मला झाडं दिसली. सरळसोट, उंच, पांढुरक्या फुलोऱ्यानं भरलेली.

सिरोंचा हे तसं इतिहास असलेलं गाव. इंग्रजांच्या काळी इथे जिल्ह्याची कचेरी होती, त्या काळचा बंगला अजून उभा आहे. एका अंगाला प्राणहिता, खाली गोदावरी, आणि मागे जंगल. पावसाळ्यात नाले चढले की गावाचं बेट होतं, असं लोक म्हणतात. ते ऐकून वंदना हसली. "घ्या, बेट तर बेट."

हॉटेलच्या पाटीवर लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण गावात ते कोणी घेत नाही. "पाच खोल्यांचं हॉटेल" म्हटलं की रस्ता दाखवतात. सागवानाच्या एका व्यापाऱ्यानं बांधलेलं हे घर पद्माबाईंनी विकत घेऊन दुरुस्त केलंय. जाड भिंती, लाल फरशी, दारं अशी वजनदार की लावताना दोन्ही हात लागतात. खोलीचं भाडं नाश्त्यासकट दोन हजारांच्या आत. गरम पाणी बादलीनं मिळतं आणि टीव्ही नाही.

पद्माबाई पन्नाशीच्या, बोलणं अर्धं तेलुगू वळणाचं. दारातच पाणी देत म्हणाल्या, "रस्त्यानं हाडं मोजून घेतली असतील ना सगळ्यांची? बसा आधी." रात्री पप्पू, म्हणजे तुरीचं घट्ट आंबट वरण, भात आणि नदीचा मासा होता. वंदनानं रेसिपी विचारली. मी मात्र जेवताना हिशेब करत होतो, आलापल्लीपासून इथवर एकही मोठा दवाखाना दिसला नाही याचा.

दुसऱ्या दिवशी फिरलो. सकाळी प्राणहितेचा घाट, दुपारी वडधमला. तिथे झाडांची खोडं दगड होऊन पडलेली आहेत. लांबून लाकूड वाटतं, हात लावला की थंडगार. लहान मुलं बरोबर असतील तर नक्की न्या. परतताना पावसानं गाठलं, आणि तो रात्रभर थांबला नाही.

तिसऱ्या दिवशी निघायचं होतं. बॅगा खाली आणल्या तर पद्माबाई म्हणाल्या, "वर ठेवा परत. नाल्यावरून पाणी आहे. तेलंगणाकडच्या रस्त्यावरही भरलंय म्हणतात. आज कोणी जात नाही, कोणी येत नाही."

माझा तोल गेला. पोह्यांची बशी बाजूला सारून मी रश्मीला म्हणालो, "हेच. हेच सांगत होतो मी. उद्या तुले ताप आला अन् नाला चढला, तर कोण येईल?"

"बाबा, मले नाल्याची भीती नाई," रश्मी म्हणाली.

"मग कायची आहे?"

"कॉलेजात हात घातला की मागे सर उभे असत. चुकलं तर ते सांभाळून घेत. इथी मागे कोणीच नाई राहणार. जनावर माझ्या हातून मेलं तर?"

इतके दिवस मी रस्त्यांवर आणि दवाखान्यांवर बोलत होतो. तिला कशाची काळजी आहे हे मी विचारलंच नव्हतं. वंदनानं नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला.

दुपारी पाऊस जरा ओसरला तेव्हा मागच्या गल्लीतले मल्लय्याभाऊ भिजत आले. त्यांची म्हैस सकाळपासून अडली होती. कळा येत होत्या, पण रेडकू बाहेर येत नव्हतं. इथल्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरची जागा रिकामी, आणि तिथला मदतनीस नाल्यापलीकडे अडकलेला. पद्माबाईंनी रश्मीकडे पाहिलं. त्यांना आदल्या रात्रीच वंदनानं सगळं सांगितलं होतं.

रश्मीनं विचारलं, "साबण, गरम पाणी, खाण्याचं तेल आणि मऊ सुती दोरी मिळेल?"

गोठ्यात आम्ही सगळेच गेलो. म्हैस आडवी पडून धापा टाकत होती. रश्मीनं बाही खांद्यापर्यंत सारली, हात धुतला, तेल चोळलं आणि चिखलात पालथी पडून हात आत घातला. "रेडकाची मान मागे वळली आहे," ती म्हणाली. कळ आली की तिचा चेहरा वेदनेनं आवळायचा, कारण तिचा हात आत दाबला जायचा. कळ गेली की पुन्हा प्रयत्न. मी म्हशीचं डोकं धरून बसलो होतो. वंदना गरम पाणी आणत होती. शेवटी रश्मी म्हणाली, "आली. मान सरळ झाली. पायांना दोरी लावली आहे, भाऊ, धरा. मी सांगीन तेव्हाच ओढा, हळू."

रेडकू बाहेर आलं, पण मेलेलं होतं.

रश्मी त्याच्या छातीवर हात ठेवून बसून राहिली. मग हळूच म्हणाली, "भाऊ, नाई वाचवू शकली मी."

मल्लय्याभाऊंनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. म्हैस मान उचलून बघत होती. ते म्हणाले, "सकाळी मी दोघंही गेली समजलो होतो, अम्मा. हे तर आहे न. आता मागची जार पडाले पाहिजे. उद्या सकाळी येता न पाहाले?"

रश्मीनं बादलीत हात धुतले. कोपरापासून खाली हात लाल झाला होता.

"येते," ती म्हणाली.

त्या एका शब्दात तिचं ठरलं, असं मला वाटतं. तिनं पुढे तसं कधी बोलून दाखवलं नाही, आणि मी विचारलं नाही.

सकाळी ती एकटीच गोठ्यात जाऊन आली. जार, म्हणजे वार, पडली होती, म्हैस चारा खात होती. आलापल्लीचा रस्ता अजून बंद होता, पण तेलंगणाकडचं पाणी उतरलं होतं. आम्ही प्राणहितेचा पूल ओलांडून चेन्नूर, मंचेरियाल, आसिफाबाद, राजुरा असे घरी आलो. अंतर जास्त आहे, पण रस्ता चांगला आहे. मी तर म्हणेन जातानाही हाच धरा. जंगल बघायचं असेल तर मात्र आलापल्लीच.

रश्मी ऑक्टोबरात हजर झाली. सुरुवातीला पद्माबाईंकडेच मागची खोली घेतली, आता क्वार्टर मिळालंय. फोन रोज लागतोच असं नाही. एकदा लागला तेव्हा ती एका शेळीबद्दल इतकं बोलली, की आम्ही जेवलो का हे विचारायचं विसरली. मला त्याचं वाईट वाटलं नाही, असं म्हणणार नाही. घर मोठं वाटतं. संध्याकाळी दाराशी तिची स्कूटी नसते. रस्त्याची काळजीही गेलेली नाही. पाऊस लागला की मी अजून आधी सिरोंच्याचंच हवामान बघतो.

परवा वंदनानं पद्माबाईंना फोन करून जानेवारीसाठी नदीकडची खोली सांगून ठेवली. मी म्हटलं, "आता पोरीचं क्वार्टर आहे न तिथी, हॉटेल कायले?"

"तिले तिचं घर लावू द्या," ती म्हणाली. "आपल्याले जेवाले बोलवते का पाहू."