आधी पाटी, मग गाडी

पेंटरमामा न घडलेली गोष्ट आधी रंगवून ठेवत. भोरच्या डेपोत ते एसटीच्या पाट्या रंगवायचे, आणि ती सवय घरीही सुटली नव्हती.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला उभ्या फटी पाडून त्यांनी तो सायकलच्या आसावर बसवला होता. आत कागदाच्या पट्टीवर घागर घेतलेली एक पाठमोरी बाई, दर चित्रात पाऊल थोडं पुढे, शेवटी गल्लीचा कोपरा. डबा फिरवून फटीतून पाहिलं की ती चालू लागे. बाई म्हणजे आमची मामी, हिर्डोशीची. तापाने गेली, तिचा एकही फोटो नव्हता. पाण्याला जाताना ती कोपऱ्यावर वळून म्हणायची, "चुलीकडं बघा." मामा तिच्याकडेच बघत राहायचे आणि दूध उतू जायचं.

डब्यावर पाटीच्या ठसठशीत अक्षरांत सूचना होत्या : उजेडाकडे धरावा. हळू फिरवावा. कोपऱ्यावर बाई वळून पाहील.

बाई वळत नसे. मामा पट्टी बदलत, फटी बारीक करत. तिन्ही ओळी पुसून पुन्हा लिहीत. शेवटची मात्र तीच राही. मी एकदा म्हणालो, "मामा, वळायला लागली की मग लिहा ना."

"आदी पाटी लावत्यात, मंग गाडी हिर्डोशीला जाती," मामा म्हणाले. "पाटीबिगर कुठं जायाचं ते तिला कसं कळंल?"

मी तेव्हा बी.ए. नापास होऊन घरी बसलो होतो, म्हणजे फुकटात मिळत होतो. शिवाय उंचीला मामीएवढा. मामांनी माझ्या डोक्यावर घागर देऊन मला गल्लीतून चालवलं. शेजारच्या काकूंनी लग्नाचं विचारलं. मी मिशीसकट, जमेल तेवढ्या लाजऱ्या चेहऱ्याने कोपऱ्यावर वळलो. मामांची पेन्सिल थांबली.

"न्हाई रं. तू वळलास की तूच दिसतोस." मग खाली बघत म्हणाले, "आन् ती कशी दिसायची, त्ये मला आता आठवंना."

त्यानंतरही ते पट्टी काढतच राहिले. गेले तेव्हा डबा माझ्याकडे आला. पत्रा गंजलाय, शेवटची ओळ अजून लख्ख आहे.

घरातली पोरं डबा फिरवतात, "ही वळतच नाही," म्हणून कंटाळून निघून जातात. मग मी फिरवतो. कोपरा आला की फटीवरून डोळा बाजूला घेतो. बायको हसते. पण मामी वळलीच, तर तिला समोर मामा दिसायला हवेत. मी नको.