तराजूने टाळलेली ड्यूटी

चहा कुठल्या हॉटेलात प्यायचा हे ठरवायला आमच्या तराजूला एवढा वेळ लागायचा की तोवर बस लागायची आणि चहा राहून जायचा. या हॉटेलात बाकावर ऊन येतं, त्या हॉटेलात कप नीट विसळत नाहीत, तिसऱ्यात रेडिओ मोठ्यानं लावतात. फार्मसीच्या डिप्लोमाला आम्ही एका वर्गात होतो. त्याचं खरं नाव सांगत नाही. तेर गावचा होता, एवढं पुरे. तराजू हे नाव वर्गानं ठेवलं होतं. प्रयोगशाळेतला खरा तराजू मात्र त्याला कधी धड वापरता आला नाही.

परीक्षेनंतर फार्मासिस्ट म्हणून नाव नोंदवण्यासाठी काही महिने एखाद्या दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात प्रात्यक्षिक करावं लागे. ते कुठं करायचं, हे तराजूला लग्न जमवण्याहून अवघड होतं. त्यात दुष्काळाचं वर्ष. एस.टी. स्टँडवर तो आधीच्या वर्षीची पोरं गाठायचा आणि त्यांची उलटतपासणी घ्यायचा. काय शिकवतात, असं त्यानं कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. रविवारी पाळी कुणाची, टँकर आला की पाणी कुणी भरायचं, कपाटं कुणी पुसायची, एवढंच. कळंबच्या दुकानात बाजाराच्या दिवशी पाठ टेकायला मिळत नाही, म्हणून कळंब बाद. उमरग्याच्या दवाखान्यात ट्रकचे अपघात येतात आणि रविवार शिकाऊ माणसाच्याच गळ्यात पडतो, म्हणून उमरगाही बाद. "शिकाय जायचंय, राबाय न्हाय," असं तो म्हणायचा, आणि अशा थाटात म्हणायचा की ऐकणाऱ्याला आपणच खुळे वाटावं.

मी उमरगा धरला, कारण माझी मावशी तिथं होती आणि दुसरीकडं मला, एकट्या मुलीला, घरच्यांनी पाठवलंच नसतं. तराजूला माझी फार कीव आली. मला गाढवासारखं राबवतील, असं त्याचं भाकीत होतं, आणि ते खरं ठरलं. मी पाणी उकळलं, बाटल्या धुतल्या, मिक्श्चर ढवळलं, लहान मुलांच्या पुड्या बांधून बांधून बोटं सुजवून घेतली. तराजूला मनाजोगती जागा मिळाली ती एका सहकारी संघाच्या दवाखान्यात. तिथं डॉक्टर कधीमधी यायचे, औषधं त्याहून कमी यायची. मधूनच जाऊन हजेरीवर सह्या ठोकल्या की काम झालं. इस्त्रीचा शर्ट घालून तो मला मुद्दाम भेटायला आला आणि माझ्या बोटांकडं बघून हळहळला. येताना रुमालात बोरं बांधून आणली होती, हेही सांगायला हवं. मनाचा वाईट नव्हताच तो. आळशी होता, आणि आळसालाच अक्कल म्हणायचा.

पुढं मला उमरग्याच्या त्याच दवाखान्यात नोकरी लागली आणि त्याला जवळच्याच एका खेड्यातल्या दवाखान्यात. त्यांच्या घरातला तो पहिला पगारदार. आईनं तेरच्या विहारात खीर वाटली. डॉक्टर अधूनमधून येऊन चिठ्ठ्या लिहून जायचे. औषध बनवून द्यायचं काम तराजूचं.

एक दिवस त्याच खेड्यातली शेवंताबाई लेकरू खांद्यावर टाकून आमच्या औषधाच्या खिडकीशी आली. दुष्काळ अजून सरला नव्हता, ती दुष्काळी कामावर खडी फोडायची. हगवणीनं लेकरू पार सुकलं होतं. हातात तिकडच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. औषध तिकडंच का घेतलं नाही, असं मी विचारलं.

"तिथलं सायेब म्हनले, औषध संपलं," ती म्हणाली.

लेकराला आधी मीठ-साखरेचं पाणी पाजलं, आमच्या डॉक्टरांना बोलावलं. लेकरू थोडक्यात वाचलं. मला मात्र ती चिठ्ठी डाचत राहिली. हगवणीवरचं साधं खडूचं मिक्श्चर लिहिलं होतं. त्याचं सामान कुठल्याही दवाखान्यात पडलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं जाऊन मी त्याचं कपाट उघडलं. डबे भरलेले. काहींचं सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. एरवी आम्ही एकमेकांना अहो-जाहो करायचो, पण त्या दिवशी मी सरळ अरे-तुरेवर आले. लेकरू मेलं असतं तर काय केलं असतंस, म्हणून विचारलं.

तो म्हणाला, "औषध हाय, पर म्या कधी बनवलंच न्हाय. मोठ्या मानसाचं कसंतरी करतो. लेकराला कमी-जास्त झालं तर? म्हनून संपलं म्हनतो."

मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही, अंगाची लाही लाही झाली. एवढी गावं पालथी घालून या माणसानं काय निवडलं होतं, तर हे.

नंतर वर्षभर तो दर रविवारी उमरग्याला शिकायला यायचा. पाणी भरायचा, बाटल्या धुवायचा, पुड्या बांधायचा, आणि मी सगळ्यांदेखत त्याच्या चुका काढायचे. तो निमूट ऐकून घ्यायचा. हळू शिकला, पण पक्कं शिकला. त्याचं मिक्श्चर माझ्याहून एकजीव व्हायला लागलं, हे कबूल करताना मला आजही जड जातं.

शेवंताबाई मात्र त्याच्याकडं पुन्हा फिरकली नाही. साध्या तापालाही ती त्याच्या दारावरून जाऊन उमरग्याची गाडी धरायची. मी समजावलं की मान हलवायची आणि पुढच्या वेळी पुन्हा माझ्याच खिडकीशी उभी.

त्याची बदली झाली तेव्हा निरोप द्यायला मी त्याच्या दवाखान्यात गेले होते. खोकणाऱ्या लेकराचा हात धरून शेवंताबाई स्टँडकडं निघाली होती. तराजू पायरी उतरून रस्त्यात गेला. म्हणाला, "बाई, कशाला लांब जाता? ताजं बनवून देतो."

तिनं त्याच्या खांद्यावरून माझ्याकडं पाहिलं. "ताई हायेत तर ताईच देतील," ती म्हणाली.

तो आत गेला. औषध केलं, लेकराच्या वयाचं माप दोनदा बघितलं, बाटली पुसली आणि माझ्या हातात ठेवली. मी ती बाहेर नेऊन दिली.

आठवड्यानं शेवंताबाई उमरग्याला बाजाराला आली तेव्हा मुद्दाम खिडकीशी थांबली. लेकराचा खोकला गेला होता. "तुमच्या हाताला गुन हाय, ताई," ती म्हणाली. ते औषध त्यानंच केलं होतं, मी फक्त हातात दिलं, असं मी तिला स्पष्ट सांगितलं. ती हसली. मी त्याची बाजू घेतेय, एवढंच तिला त्यातून कळलं.