काहीच न करण्याची शिकवणी

हाडं ठिसूळ होत चालली आहेत, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मी एकोणसाठ वर्षांची होते. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "वजनं उचलत जा." घरी येऊन हे सांगितलं, तर आमचे हे खुर्चीतूनच म्हणाले, "वजन कमी करा म्हटलं असन. तू ऐकलं उचला."

ह्यांच्याबद्दल आधीच सांगून टाकते. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात उभा जन्म पाळ्या करून हे निवृत्त झाले आणि निवृत्ती त्यांनी फारच मनावर घेतली. सकाळी पेपर, मग डुलकी. जेवण, मग खरी झोप. संध्याकाळी त्या झोपेचा शीण जावा म्हणून थोडं पडणं. मी मात्र दिवसा पाच मिनिटं बसले, तरी मला आजारी असल्यासारखं वाटतं.

हुडकेश्वरला आमच्या घरापासून चार गल्ल्या सोडून, हार्डवेअरच्या दुकानावर एक जिम आहे. दहा ते बारा फक्त बायका. शिकवणारी मुलगी वर्ध्याकडची, माझ्या लेकीपेक्षा लहान, पण आवाज हेडमास्तरणीचा. पहिल्या दिवशी तिनं माझ्या हातात नुसती काठी दिली, पाठ ताठ ठेवून वाकायला शिकवलं आणि बजावलं, "काकू, सोमवार, बुधवार, शुक्रवार. मधल्या दिवशी आराम."

मंगळवारी मी दहाच्या ठोक्याला हजर.

"आज काहून आल्या?"

"घरी बसून काय करू?"

"तेच करा. बसा." तिनं मला दारातूनच वळवलं. वर समजावून सांगितलं, "वजन उचललं की स्नायू थकतात. ताकद येते ती नंतर, तुम्ही खाता, झोपता तेव्हा. ती इथं नाही वाढत काकू, घरी वाढते."

मला हसूच आलं. हे खरं असतं तर आमचे हे एव्हाना हिंदकेसरी झाले असते.

तरी मी तिचं ऐकलं. म्हणजे मला वाटलं, की ऐकते आहे. डिसेंबरात सुरू केलं आणि फेब्रुवारी संपेस्तोवर मी जमिनीवरची तीस किलोची दांडी धरून ताठ उभी राहू लागले. याला डेडलिफ्ट म्हणतात, हे ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "नावात डेड आहे, सांभाळून." पण पुढे गाडी अडली. मार्च सरला, तरी तीसवर आणखी अडीच किलो चढवले की दांडी जमिनीला चिकटल्यासारखी व्हायची.

मुलगी बुचकळ्यात पडली. तिनं माझं जेवण विचारलं, झोप विचारली. दर वेळी एक प्रश्न असायचाच, "काल काय केलं काकू?"

"काहीच नाही वं. आराम."

मी खोटं बोलत नव्हते. चार रजया धुणं, माळा रिकामा करून पुसणं, पंखे उतरवून घासणं, हे मी आयुष्यात कधी काम म्हणून मोजलंच नव्हतं. ते होऊन जायचं, आणि मी विसरून जायचे.

एप्रिलात कळमन्याच्या धान्यबाजारातून वर्षाचे गहू आले. दोन पोती. गुरुवार होता, आरामाचा दिवस, म्हणजे वेळच वेळ. बादलीत भरून मी ते वाळवायला गच्चीवर नेऊ लागले. जिना अर्धा चढले असेन, तोच फाटक वाजलं. मी आदल्या दिवशी वड्या दिल्या होत्या, तो डबा परत द्यायला जिमची मुलगी आली होती.

तिनं माझ्या हातातली बादली घेतली, उचलून अंदाज घेतला.

"कितवी फेरी?"

"सहावी."

"आणि किती राहिल्या?"

मी पोत्यांकडे बोट दाखवलं. ती जिन्यावरच बसली. "माय वं! मी तिकडे डोकं खाजवून राहिली, काकूचं वजन काहून वाढत नाही, अन् तुम्ही इथं दुसरी जिम चालवून राहिल्या!"

आवाजानं हे उठून बाहेर आले. तिनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"काका, तुम्ही दुपारभर काय करता?"

"मी?" हे सावध झाले. "काही नाही."

"उत्तम. काकूले तेच शिकवा."

इतका सन्मान ह्यांना कारखान्यानंही दिला नव्हता. त्याच दुपारी कूलरसमोर माझी चटई पडली. "डोळे मीट. कपाळावरच्या आठ्या काढ. आता दुधाचा विचार करू नको."

"दूध उतू जाईन ना!"

"मी पाहतो. तू पड."

आणि हे खरंच उठले. दुधामागे गेलेले हे मग गव्हामागेही गेले, कारण आरामाच्या दिवशी मला बादलीला हात लावायची बंदी होती. दुसऱ्या पोत्याच्या मध्यावर कण्हणं ऐकू आलं. पुढचे तीन दिवस आरामाच्या ह्या मास्तरांना सदरा घालायला माझी मदत लागत होती. हसू दाबून मी गुंड्या लावून दिल्या.

मी आराम शिकले, असं म्हणवत नाही. पण मंगळवार-गुरुवार दुपारी पडून राहू लागले, आणि पुढे झोपही लागू लागली. मेमध्ये पस्तीस झाले. जूनमधल्या एका शुक्रवारी मुलीनं काही न सांगता दोन्ही बाजूंना चकत्या चढवल्या. मी वाकले, श्वास धरला, उभी राहिले. ती ओरडली, "चाळीस, काकू!" तेव्हा कळलं. बाकीच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला उगाच रडू आलं.

घरी आले तर हे गाढ झोपलेले. ओट्यावर भांडी होती, दोरीवर कपडे होते. मी ह्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. हात मांडीवर ठेवले. बराच वेळ तशीच बसून होते.

ह्यांनी एक डोळा उघडला, मला पाहिलं आणि धडपडत उठून बसले.

"काय झालं वं? बरं नाही वाटून राहिलं का?"