सुकेळीच्या पाकिटावरची बाई

गिरीज गावातल्या आमच्या वाडीत सुकेळी करणारी आता एकटी काकीच उरली आहे. पिकलेली राजेळी केळी सोलायची, उन्हात वाळवायची, ऊन उतरलं की आत घ्यायची, आणि मऊ, तांबूस झाली की केळीच्याच खोडाच्या वाळक्या सोपटात बांधायची. मी सातिवलीला नोकरी करतो. तिची सुकेळी फोनवरून विकायचं काम मात्र मी हौसेने अंगावर घेतलं होतं.

पाकिटावर चित्र हवं होतं. एआयला सांगितलं आणि लगेच एक म्हातारी मिळाली. नितळ हात, नाकात नथ, गोड हसू. खाली मी लिहिलं, 'आमच्या काकीच्या हातची'.

काकीने छापलेलं पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"ही कोण रे?"

"अशीच. कॉम्प्युटरने काढलेली."

"सालीसकट केळी वाळवतेय बया! आणि नथ घालून? लग्नाला चाललीय काय?"

मी हसलो. ती हसली नाही.

"माझा फोटो का नाही घेतलास?"

"वेळ नव्हता, काकी."

ती आपल्या हातांकडे बघत राहिली. तिच्या बोटांवर आणि ओठांच्या कडेला कोडाचे पांढरे डाग आहेत. त्याच हातांनी तिने मला लहानपणी भरवलं. तरी गिऱ्हाईक ते हात पाहून खाणार नाही, असं मला वाटलं होतं. मी न सांगताच तिला ते कळलं.

"मग त्याच बाईला सांग सुकेळी करायला," ती म्हणाली आणि आत गेली.

घडावरची केळी काळी पडू लागली, तरी ती सोलायला बसेना. शेवटी मीच बसलो. वाळत घातली, पण संध्याकाळी आत घ्यायची विसरलो. दवाने सगळी चिकट झाली. सकाळी मी ती सुपात गोळा करत होतो, तेव्हा काकी मागे येऊन उभी राहिली.

"काकी, वेळ होता," मी म्हणालो. "मला तुझ्या हातांची लाज वाटली."

तिने सुपातलं एक चिकट केळं उचलून पाहिलं.

"लाज तुझी, आणि नासवतोस माझी केळी?" तिने माझ्या हातातलं सूप ओढून घेतलं. "सरक. आणि फोटो काढ आता. हात नीट दिसू देत."

नव्या पाकिटावर केळं सोलणारे तिचे हात आहेत, डागांसकट. काही गिऱ्हाइकं डागांबद्दल विचारतात, मी सांगतो. कोणी पुन्हा मागवतं, कोणी नाही. काकीने मात्र पुढच्या खेपेला राजेळीचे जास्त घड राखून ठेवायला सांगितलं आहे.