कान धरून घेतलेले नाव

गेल्या डिसेंबरात हैदराबादच्या एका युवा संगीत स्पर्धेत माझ्या भाचीला ख्यालगायनाचे पहिले बक्षीस मिळाले. तिला लहानपणापासून तिच्या आईने, म्हणजे माझ्या ताईने, अंबरपेठच्या घरीच शिकवले होते. परीक्षकांपुढे मोठे नाव लागते, म्हणून वर्षभरापूर्वी ताईनेच तिला मलकपेठच्या एका नामांकित गुरुजींकडे घातले. तरी स्पर्धेत ती ताईने बसवलेला पूरिया रागच गायली.

तिथे विजेत्याने मंचावर आपल्या गुरूचे नाव सांगायचे आणि गुरूला शाल द्यायची, अशी रीत आहे. भाचीने गवयांच्या रिवाजाप्रमाणे आदराने कानाच्या पाळीला हात लावून गुरुजींचे नाव घेतले. दुसरे नाव घेतले नाही. ताई समोरच बसली होती.

परतताना रिक्षात ताई म्हणाली, "नाव घेताना कान धरायचा, हे तरी मीच शिकवलं ना गं?"

"नक्को ना आई आता. सगळे हसले असते. आईला कोणी गुरू म्हणतं का?"

"माझा पूरिया आपल्या नावावर घेताना गुरुजी तर नाही हसले. शाल घेऊन मोकळे झाले."

भाची मोबाइलवर अभिनंदनाचे निरोप वाचत राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ताईने तिला रियाजासाठी हाक मारली नाही. भाची आपणहून उठली आणि मलकपेठला गेली.