सातव्या मजल्याखालचं शेत

अकोल्याहून हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आले, तेव्हा निसर्गचित्र म्हणजे माझ्या लेखी कॅलेंडरवरचा धबधबा. एका रविवारी उन्हाला कंटाळून एका चित्रप्रदर्शनात शिरले. आत एक लहानसं जलरंगातलं चित्र होतं. नांगरलेली जमीन, एक बाभूळ, बाकी सगळं आकाश. मी नाक लावून बघत होते.

"अहो, मागे सरका. जवळून फक्त कागद दिसतो."

बोलणारे त्या चित्राचेच चित्रकार होते. शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक, राहायला कर्वेनगरला. मी चार पावलं मागे गेले आणि ती जमीन ओली झाली. बराच वेळ मी तिथून हललेच नाही.

पुढची दोन वर्षं रविवारी सकाळी आम्ही हडपसरच्या पुढे एका शेताच्या बांधावर जात होतो. सर रंगवायचे, मी नव्या कॅमेऱ्याने फोटो काढायचे. "पंचवीस काढू नका," ते म्हणायचे. "अर्धा तास बघा, मग एक काढा." शेताची मालकीण हसायची. "सारखं तेच काय काढताय? हितं काय हाय?"

"ते शोधायलाच येतो," सर म्हणायचे.

मग शेत विकलं गेलं. भोवती पत्रे लागले, वर नव्या इमारतीची पाटी आली. ऑफिसातल्या सगळ्यांनी तिथे फ्लॅट बुक केले, मीही केला. ऑफिस दहा मिनिटांवर. नाही कशाला म्हणायचं? सरांना सांगितलं तेव्हा ते ब्रश पुसत होते.

"कितवा मजला?"

"सातवा."

"छान. लांबचं दिसेल."

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्यानंतरच्याही नाही. मी फोन केला नाही. लाज वाटत होती, आणि मुदतीची कामं तर रोजचीच होती.

वर्षभराने त्यांच्या घरी गेले. दार उघडून त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला." सर खिडकीशी बसले होते. मला ओळखलं की नाही, कळलं नाही. मी लॅपटॉप उघडून त्या बांधावरचे फोटो दाखवले, एकेक करून. ते नीट बघत होते.

"कुठलं हे?"

"आपलं शेत, सर. हडपसरचं."

"असेल," ते म्हणाले आणि मान खिडकीकडे वळवली.

त्याच हिवाळ्यात ते गेले. मला महिनाभराने कळलं.

मी अजून सातव्या मजल्यावरच राहते. समोर दुसरी इमारत झाली आहे. संध्याकाळी तिच्या भिंतीवर पिवळं ऊन उतरतं. ते किती सुंदर आहे, हे मला नेमकं कळतं. बघायला शिकलेच नसते तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटतं. मी पडदा ओढते आणि ट्यूबलाइट लावते.