न दिसणारं अक्षर

दीर किंचाळला तवा मी प्रिंटरजवळ होते. धावत गेले तर तो फरशीवर लोळत होता, दोन्ही हातांनी तोंड धरलेलं आणि बोटांमधून कातडी सुटत होती. बाजूला ड्रम उकळत होता. त्याच्यावर मीच काढलेलं लेबल. वर मालाचं नाव इंग्रजीत, खाली कोरं. ॲसिड हाय, पाणी घालू नका, ही ओळ छापलीच नव्हती. साबणाचा मालही तसल्याच पांढऱ्या ड्रमात येतो, आणि दिराला इंग्रजी वाचता येत नाय. दिरानं तोच समजून गोदाम धुवायचं साबणपाणी करायला आत पाण्याचा पाईप सोडला.

मी आठवी नापास. बोईसरच्या ह्या गोदामात लेबलं काढते, दीरही तिथंच ड्रम हलवतो. मजकूर व्हॉट्सॲपवर येतो, मला भराभर टाईप करता येत नाय, म्हणून उचलते आणि कॉम्प्युटरात चिकटवते. त्याच्याबरोबर कधी कधी एखादं न दिसणारं अक्षर येतं. प्रिंटर तिथंच अडतो, पुढचं गिळतो. म्हणून कॉम्प्युटरवाल्यानं तपासणी लावून दिलेली. ती एकेक अक्षर बघते, छापण्यासारखं नसलं की स्क्रीनवर लाल पट्टी. मग सगळं पुसून हातानं टाईप करायचं, असं त्यानं बजावलेलं.

दीर भाजला त्याच दुपारी, जरा आधी, लाल पट्टी आली. हातानं टाईप करायला मी एकेक अक्षर शोधत बसले, आलेला मजकूर अजून पुसला नव्हता, बाहेर माल उतरवायचा ट्रक उभा. सुपरवायझरनं मान धरून माझं तोंड टेबलावर आपटलं.

"तपासणीची टिक काढून टाक. नाव दिसतंय ना तुला?"

नाव दिसत होतं. मी टिक काढून टाकली, तपासणी बंद झाली आणि आलेला मजकूर तसाच छापला. नाकातून रक्त गळत होतं, ते पुसता पुसता लेबल चिकटवलं, खाली बघितलंच नाय.

दिराचा डोळा गेला. नवऱ्यानं मला पट्ट्यानं मारलं, पोरगी कडेवर असताना. सुपरवायझरनं टिक काढायला लावली असं मी म्हणाले तर आणखी मारलं, कारण नवराही त्याच गोदामात कामाला.

आज सुपरवायझर सरावलीला आमच्या खोलीवर आला. उद्या अपघाताच्या चौकशीला साहेब येणार हाय. त्यानं पोरीचा पाय धरला, ती रडेपर्यंत दाबला. म्हणाला, टिक तू मनानं काढलीस असं सांग, नायतर तुझी नि नवऱ्याची, दोघांची नोकरी गेली समज.

तिथून मी हॉस्पिटलात गेले. दीर पट्ट्यांच्या आतून म्हणाला, "वैनी, मी वाचलेलं. खाली काय लिवलं नव्हतं ना?"

मी त्याच्या अंगावरची चादर सारखी केली. चौकशीला उद्या अकराला बोलावलंय. माझ्या जागी तुमी असता तर काय केलं असतं?